नागपुरात येशूबद्दल बोलायचं आहे, सुरुवात कुठून करू?

नाताळ उलटला, नव्या वर्षाची उपासना झाली की आमच्या मंडळीतले दोन-तीन तरुण हमखास मला गाठतात. कोणी शिबिरातून भारावून आलेलं असतं, कोणाचा नुकताच बाप्तिस्मा झालेला असतो. "काका, माझा रूममेट बौद्ध आहे, त्याला येशूबद्दल सांगायचंय, पण कसं काढू?" "ऑफिसात शेजारी बसणाऱ्या ताई रोज पोथी वाचतात, त्यांना वाईट वाटलं तर?" दर वेळी चहा पिता पिता तेच बोलणं होतं, म्हणून या वेळी लिहूनच काढतोय. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. माझी सगळी नोकरी रेल्वेत झाली आणि देवाधर्माच्या माझ्या निम्म्या गप्पा अजनीला डबा खाताना झाल्या. पुढचं सगळं त्या गप्पांतून आलं आहे, आणि बरंचसं माझ्या चुकांतून.

पहिली पायरी: आधी शेजार ओळखा

नागपुरात राहणाऱ्याला "वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसं" शोधायला लांब जावं लागत नाही. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. रेशीमबागेत संघाचं स्मृतिमंदिर आहे. ताजबागेत ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यावर हिंदू घरांतूनही चादर जाते. परीक्षा जवळ आली की टेकडीच्या गणपतीला पोरांची गर्दी होते. जरीपटक्यात सिंधी, मोमिनपुऱ्यात मुस्लिम, महाल-इतवारीत जुनी मराठी घरं. आणि या शहराचा पाया घातला गोंड राजा बख्त बुलंद शाहनं.

आपणही इथे काल आलेलो नाही. भारतातल्या सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० ला. त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे आले. इथल्या हिस्लॉप कॉलेजमुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, माणूस फार थोड्यांना. त्यांनी शाळा काढली, इथल्या दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला, आणि गोंडांमध्ये फिरून त्यांच्या चालीरीती, त्यांच्या आद्यपुरुषाचं, लिंगोचं, गीत उतरवून घेतलं. १८६३ मध्ये बोरीजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांचे कागद १८६६ मध्ये पुस्तकरूपानं छापले गेले, म्हणून ते गीत आज वाचायला मिळतं. सुवार्ता सांगायला आलेला माणूस समोरच्याचं गाणं लिहून घेत बसला होता, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

आता काम. एका कागदावर पाच नावं लिहा. अनोळखी नकोत. ज्यांच्या घरी तुम्ही जेवला आहात, ज्यांच्या आईची तब्येत तुम्ही विचारता, अशी पाच. प्रत्येक नावासाठी रोज प्रार्थना करा आणि महिनाभर येशूबद्दल चकार शब्द काढू नका. त्या महिन्यात फक्त विचारा: तुमच्या घरी सण कोणता मोठा? आजी काय सांगायची? संकटात तुम्ही कोणाचं नाव घेता? रस्त्यात माणूस थांबवून हातात पत्रक कोंबणं मीही केलं आहे. त्यातून कोणाचं भलं झाल्याचं मला आठवत नाही.

दुसरी पायरी: चर्चची मराठी बाजूला ठेवा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. आपण लहानपणापासून उपासनेत जी मराठी ऐकतो ती आपल्याला इतकी सवयीची झालेली असते की बाहेरच्या माणसाला त्यातून भलतंच ऐकू येतं हे ध्यानातच येत नाही.

"तारण" घ्या. आपल्यासाठी तो जीव की प्राण असलेला शब्द. बाजारात मात्र तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. इतवारीतल्या प्रत्येक दुसऱ्या पाटीवर "सोनेतारण कर्ज" लिहिलेलं असतं. "येशूनं माझं तारण केलं" हे वाक्य सराफ्यात काम करणाऱ्या माणसाला कसं ऐकू येत असेल, विचार करा. "सोडवणूक", "वाचवलं", "बाहेर काढलं" असे शब्द वापरा.

"नव्यानं जन्मलं पाहिजे" हे योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं. अजनीला माझ्याबरोबर महालातला एक सहकारी होता, सज्जन वारकरी, दर वर्षी पंढरपूरला जाणारा. त्याला मी मोठ्या उत्साहानं हे सांगितलं. तो डबा बंद करत म्हणाला, "बाप्पा, जन्माच्या फेऱ्यातून सुटावं म्हणून तर आम्ही माळ घालतो. तू पुन्हा जन्माले का घालतो?" मी बोलत होतो आतून बदलण्याबद्दल, त्याला ऐकू आला पुनर्जन्म. तेव्हापासून मी निकदेमाची गोष्टच सांगतो: म्हातारा, विद्वान माणूस रात्री लपून भेटायला आला आणि त्यानंही हाच गोंधळ केला. गोष्ट सांगितली की शब्द आपोआप उलगडतो.

"तुम्ही पापी आहात" हे तर बोलूच नका. आपल्या मनात "आपण सगळेच" असतं, समोरच्याला ती शिवी वाटते. "मी" पासून सुरू करा. "अवतार" हा शब्द हिंदू मित्राला चटकन पटतो, पण त्याच्या यादीत आणखी एक नाव वाढतं एवढंच. बौद्ध मैत्रिणीसमोर तोच शब्द दार बंद करतो, कारण देवानं अवतार घेतला यावर विश्वास ठेवणार नाही ही बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एक आहे. "देवाचा पुत्र" म्हटलं की मुस्लिम मित्राच्या मनात शारीरिक नातं येतं, आणि ते त्याला घोर अपराधासारखं वाटतं. "कोकऱ्याचं रक्त", "ओझं आहे", "आशीर्वादित झालो" हेही मंडळीतच राहू द्या.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. साध्यासुध्या बायांना कळेल अशा मराठीत ते असावं, असा त्यांचा ध्यास होता. आपल्याला तेवढे कष्ट घ्यायचे नाहीत, फक्त आपली तीन मिनिटांची साक्ष, म्हणजे येशूनं आपल्या आयुष्यात काय केलं त्याची गोष्ट, तशा मराठीत बसवायची आहे.

नमुना म्हणून माझी देतो. "वावराच्या वाटणीवरून माझ्या मोठ्या भावाशी नऊ वर्षं बोलणं बंद होतं. येशूनं खिळे ठोकणाऱ्यांसाठीच क्षमा मागितली, हे मी पोरवयापासून ऐकत आलो होतो. एका गुड फ्रायडेला ते ऐकताना भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आला तो हलेना. दुसऱ्या दिवशी काटोलची बस धरली. भावानं दार उघडलं. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मग वहिनीनं पाण्याचा तांब्या आणला. मी स्वतःहून गेलो असतो असं मला वाटत नाही, मला येशूनं नेलं." बस्स. यात तारण नाही, पाप नाही, कोकरा नाही, तरी सगळं आहे. तुमची साक्षही अशी घडलेली असू द्या, आणि चमत्कारच सांगितला पाहिजे असं समजू नका.

तिसरी पायरी: ज्याचं त्याचं घर ओळखून बोला

हिंदू घरात बहुतेक वेळा पहिलं वाक्य येतं, "शेवटी सगळे देव एकच." यावर वाद घालू नका, माणूस मोठ्या मनानं तुम्हाला जागा देतोय. म्हणा, "तुम्हाला असं का वाटतं ते सांगा ना," आणि ऐका. मग तुमच्यासाठी येशू वेगळा का आहे, ते सांगा. वेगळेपण लपवूही नका, ते फसवणुकीसारखं होतं. मूर्तींबद्दल वावगा शब्द कधीही तोंडून जाऊ देऊ नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते. पुढे राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका परक्या माणसानं त्यांच्याशी आदरानं गप्पा मारल्या आणि नवा करार हातात ठेवला. तो त्यांनी वाचला, दोन वर्षं झगडले, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत, आणि त्यांची भजनं आपण आजही टाळ-पेटीवर म्हणतो. ज्यानं तुकोबा वाचलाय त्याच्यापाशी देवाची ओढ आधीच आहे, हे समजून बोला.

बौद्ध मित्रांबद्दल बोलताना माझी चूक आधी सांगतो. बरीच वर्षं झाली, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही चौघे दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्रकं वाटायला उभे राहिलो. एक म्हातारी बाई नातवाचं बोट धरून आली. पांढरं लुगडं, पायांना धूळ, डोक्यावर गाठोडं. तिनं पत्रक घेतलं, नीट चौघडी घातली आणि विचारलं, "भाऊ, तुमी बी बाबासाहेबाले वंदन कराले आले का?" मला उत्तर देता आलं नाही. ती कुठून, किती पैसे साठवून त्या एका दिवसासाठी आली असेल, आणि मी तिच्या वाटेत माझं दुकान मांडून उभा होतो. उरलेला गठ्ठा घरी नेला. दुसऱ्याच्या पवित्र दिवशी, पवित्र जागी जाऊन प्रचार करू नका, मग ती दीक्षाभूमी असो, ताजबाग असो की कोराडीची यात्रा.

बौद्ध माणसाशी देवाच्या अस्तित्वापासून सुरुवात करू नका. "जय भीम"ला मनापासून "जय भीम" म्हणा. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि २१ वर्षं विचार करून धम्म निवडला, ती निवड या घरांत श्वासासारखी आहे. तुम्ही येशूच्या वागण्यापासून सुरू करा: तो कोणाच्या पंगतीला बसला, यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्या शोमरोनी समाजातल्या बाईकडे त्यानं विहिरीवर पाणी कसं मागितलं. पाण्याची ती गोष्ट या घरात समजावून सांगावी लागत नाही. इंदोऱ्यातल्या एका ताईंना मी ती वाचून दाखवली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि तुमच्या चर्चमध्ये जातपात नाही का हो?" खरं उत्तर द्या. आहे. लग्न जुळवताना दिसते, कुठे कुठे दफनभूमीतही दिसली आहे. ती येशूची नाही, आमची आहे, असं मी म्हणालो. त्या दिवशी मी खोटं बोललो असतो तर पुढच्या गप्पा झाल्याच नसत्या.

मुस्लिम मित्रांकडे ईसा मसीहबद्दल, म्हणजे येशूबद्दल, आदर आधीच असतो. कुराणाच्या १९व्या सुऱ्याचं, म्हणजे अध्यायाचं, नावच येशूच्या आईवरून मरियम आहे. म्हणून आपणच विचारावं, "तुमच्याकडे ईसांबद्दल काय सांगतात?" फरक मोठा आहे, वधस्तंभावरचा मृत्यू ते मानत नाहीत, आणि तो फरक पहिल्याच भेटीत मिटवायचा नसतो. पैगंबरांबद्दल टीका नको. बायबल जमिनीवर किंवा पायांजवळ ठेवू नका, त्यांना तो ग्रंथाचा अनादर वाटतो आणि मग तुमच्या बोलण्याचं वजन राहत नाही. रमजानमध्ये दुपारी चहाला बोलावू नका. संध्याकाळी इफ्तारला बोलावलं तर जरूर जा.

गोंड मित्रांना "तुम्ही हिंदूच ना?" किंवा "तुमचा धर्म असा नसतोच ना?" असं विचारण्याआधी त्यांच्या पेनांबद्दल, म्हणजे देवांबद्दल, बडादेवाबद्दल त्यांच्याच तोंडून ऐका. सिंधी, जैन, शीख घरांसाठीही नियम तोच.

चौथी पायरी: ताट, प्रसाद आणि सण

नव्या विश्वासणाऱ्याला सगळ्यांत जास्त घाम इथे फुटतो. शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाचा शिरा आणून दिला, काय करू? बायबलमध्ये प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला यावर तपशीलवार लिहिलं आहे, पहिल्या पत्राच्या ८व्या आणि १०व्या अध्यायांत. आपल्याकडे कोणी घेतात, कोणी घेत नाहीत. माझं मत असं: प्रेमानं आलेली वाटी दारातून परत पाठवू नये. तुमचं मन खात नसेल तर काकूंना एकट्यात, गोड शब्दांत सांगा, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी तुमच्या हातची सांबारवडी घेऊन जा. पूजेला बसणं वेगळं आणि पूजेच्या घरी मंडप बांधायला हात लावणं वेगळं. मी मंडप बांधतो, खुर्च्या उचलतो, आरतीच्या वेळी मागे शांत उभा राहतो. आजवर कोणी मला आरती घ्यायची सक्ती केलेली नाही.

नाताळला उलटं करा. नुसता केकचा तुकडा दारात देऊ नका, घरात बोलवा. करंज्या, चिवडा, चहा. लेकरांना गव्हाणी दाखवा. कोणी विचारलं, "हे गाईच्या गोठ्यात का?" तर सांगा. विचारलं नाही तर करंजी आणखी एक वाढा.

पाचवी पायरी: कुठे थांबायचं ते आधी ठरवा

राज्यघटनेचं २५वं कलम धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतराबद्दल कायदा होता, २०२१ मध्ये नवा आला. शिवनी किंवा छिंदवाड्याच्या नातेवाइकांकडे जाऊन बोलताना हे डोक्यात असू द्या. राज्याराज्यांतले कायदे बदलत असतात, तेव्हा काही ठरवण्याआधी मंडळीच्या ओळखीच्या वकिलांना विचारा. कोणाच्या धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे.

पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं: मदत आणि सुवार्ता एका पिशवीत घालू नका. फी भरली, किराणा दिला, रक्त दिलं, तर त्या दिवशी येशूचं नाव काढू नका. समोरचा माणूस अडलेला असतो, त्याचा "हो" मोकळा नसतो. आईवडिलांना न विचारता लहान मुलांना काही शिकवू नका. दवाखान्यात खाटेजवळ प्रार्थना करायची तर आधी विचारा, "करू का?" नको म्हणाले तर हात हातात घेऊन बसा. "प्रार्थनेनं बरे व्हालच" असं वचन देऊ नका आणि कोणाच्याही गोळ्या बंद करायला सांगू नका. एका ओळखीच्या घरात कोणीतरी तसं सांगितलं होतं. साखर वाढून त्या बाईंचा पाय कापावा लागला. मी त्यांना भेटायला जायचो तेव्हा बायबल घरीच ठेवून जायचो.

आणखी एक, मोबाइलमुळे आलेलं. तुमच्याशी कोणी विश्वासाबद्दल बोललं की त्याचा फोटो किंवा नाव व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर, प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकू नका. त्याच्या घरी अजून कोणाला ठाऊक नसतं. तुम्ही आनंदानं टाकता, भोगतो तो.

सहावी पायरी: बोलण्याकडून वाचण्याकडे

कोणी स्वतःहून म्हणालं, "मला वाचायला द्या," तर अख्खं बायबल हातात देऊ नका, माणूस उत्पत्तीपासून सुरू करतो आणि लेवीयच्या आसपास दमतो. सोप्या मराठीतलं एकच शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची गोष्ट सांगणारं बायबलमधलं पुस्तक, द्या. घाईत असणाऱ्याला मार्क, १६च अध्याय आहेत. बौद्ध मित्राला मत्तय ५ ते ७, डोंगरावरचं प्रवचन. मुस्लिम मित्राला लूक, कारण सुरुवातीलाच मरियेची गोष्ट आहे. आठवड्यातून एकदा तासभर बसा, एकच उतारा वाचा आणि तीन प्रश्न विचारा: यात काय आवडलं, काय खटकलं, काय कळलं नाही? खटकलेल्यावर लगेच उत्तर देण्याची घाई नको. "मला माहीत नाही, पाळकांना विचारून येतो" हे उत्तर मी पुष्कळदा दिलं आहे, आणि त्यानं कोणी दुरावलं नाही.

इंदोऱ्याच्या ताईंबरोबर माझी पत्नी आणि मी चार वर्षं वाचतोय. त्या बौद्ध आहेत, विहारात जातात. दर गुरुवारी चष्मा पुसून म्हणतात, "हं, कुठवर आलो होतो?" आम्ही त्यांना अजून "पुढे काय ठरवलं" असं विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

कोणी स्वतःच बाप्तिस्म्याचं काढलं, तर आनंद होईल, पण तारीख ठरवू नका. आधी पाळकांकडे न्या. मग घरच्यांशी बोलायला त्या माणसाला वेळ द्या. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, केवढं सोसलं, आणि आल्या त्या स्वतःच्या विचारानं. व्यवहाराची बाजूही स्वच्छ सांगा: अनुसूचित जातीच्या सवलती १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतात, ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. अनुसूचित जमातींच्या वेगळ्या आदेशात धर्माची अशी अट नाही. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा यावर काय परिणाम होईल हे त्याला तुमच्याकडून आधी कळलं पाहिजे, नंतर तहसील कार्यालयात नव्हे.

या आठवड्यात एवढंच करा. तुमची साक्ष एका पानावर लिहा आणि चर्चला न जाणाऱ्या एखाद्या मित्राला तर्रीपोहे खाता खाता वाचून दाखवा. त्याच्या हातात पेन द्या. जो शब्द कळला नाही त्याखाली त्याला रेघ मारू द्या. ते पान पुढच्या रविवारी उपासनेनंतर माझ्याकडे घेऊन या, मी मागच्या बाकावर असतो.